शशी, गाडी मी गिअरमध्ये ठेवली होती

शशी,

गुरुवारी तुला पोचवून आलो. क्रिमेटोरियममध्ये वीस मिनिटांचा स्लॉट, त्यातली चार मिनिटं माझी. तुझी बायको वैशालीच म्हणाली, "तुम्ही बोला, तुम्ही शशीचे सगळ्यात जवळचे." मी बोललो, आणि छान बोललो म्हणे. नॉटिंगहॅममधल्या कुणाकुणाच्या घरचे बॉयलर तू चालू करून दिलेस, हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये भंगारात काढलेले पंप कसे पुन्हा उठवून बसवलेस, सगळं सांगितलं. लोक हसले, मग रडले. माझे डोळे कोरडे. उभ्याउभ्या माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की आबांना अजून कळलेलं नाही, आणि ते मलाच सांगावं लागणार.

माझे वडील आता कोल्हापुरात एकटे राहतात आणि दर रविवारी सकाळी दहाला मी त्यांना फोन करतो, हे तुला माहीत आहे. आज शनिवार. उद्या त्यांना सांगायचंय की तू गेलास. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगायचीय, जी मी तुलाही कधी सांगितली नाही. आधी तुझ्यापाशी बोलून बघतो. इथे जमलं तर तिथे जमेल.

पण त्याआधी भांडण. मेलास म्हणजे सुटलास असं समजू नकोस.

आई गेली त्या वर्षी मी आबांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. चाळीस वर्षं मोटारींचं वायरिंग केलेला माणूस, त्याला आमच्या घरात करायला काही म्हणजे काही नव्हतं. मंजिरी शाळेत शिकवायला, मी पहाटे ऑपरेशन थिएटरला. आबा अंगात दोन स्वेटर घालून खिडकीशी बसायचे आणि मी अंधारात गाडीच्या काचेवर गोठलेला फ्रॉस्ट खरवडतोय ते बघायचे. मला वाटायचं, मनात म्हणत असतील, एवढा शिकला आणि करतोय काय तर काच खरवडतोय.

आणि मग तू जेवायला आलास. मीच बोलावलं होतं, दुसऱ्या कुणाला दोष देऊ. आबा तुला म्हणाले, "पोराचे हात गारठत्यात. ह्याचं कायतरी करायला पायजे." मला ते कधी म्हणाले नव्हते. माझे हात गारठतात हे त्यांनी तुला सांगितलं. तू भाकरी मोडता मोडता म्हणालास, "कॅनडात लोक किचनमधून बटण दाबतात काका, आणि बाहेर गाडी आपोआप चालू होते. माणूस चहा पिऊन जाईपर्यंत आतून गरम." आबांचा हात ताटातच थांबला. त्या जेवणात मी नंतर फक्त वाढायच्या उपयोगाचा होतो.

तीन आठवड्यांनी कॅनडाहून पार्सल आलं. त्यातल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे किट फक्त ऑटोमॅटिक गाड्यांसाठी आहे, मॅन्युअलला लावू नका. माझी गाडी मॅन्युअल. मी ते पान तुझ्या नाकासमोर धरलं. तू म्हणालास, "डॉक्टर, तुम्ही पेशंटला लीफलेट देता, तो वाचतो का?" मी म्हणालो, पेशंट मरतो मग. तू म्हणालास, "मॅन्युअलमध्ये भीती एकच. गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला तर ती उडी मारणार. न्यूट्रलमध्ये सोडली की झालं. आणि मी त्याला पुढे एक स्विच बसवणारच आहे, गिअर असेल तर करंटच जाणार नाही." हा वाद आपण तीन वर्षं घातला. मी अजूनही म्हणतो, त्या पुस्तिकेचं बरोबर होतं.

मग सुरू झाले तुमचे शनिवार. दुसऱ्याच शनिवारी तू 'काका' सोडून 'आबा' म्हणायला लागलास. मला ते लागलं. तुला कधी बोललो नाही, आता बोलतो. आबा हे माझं हाक मारायचं नाव होतं, तू न विचारता उचललंस. आणि ते ओ देत होते.

तुला माझ्या जळण्याचं मूळ माहीत नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असताना शाळेतून थेट त्यांच्या गॅरेजवर जायचो. मला ते वायरींचे गुंते, तो वायरींना डाग देतानाचा रोझिनचा वास फार आवडायचा. आबा मला दारातूनच हाकलायचे. "हात काळं करायला मी हाय. तू पुस्तक धर." एकदा मी न विचारता त्यांचा टेस्ट लॅम्प उचलला, एक बल्ब आणि दोन वायरी, बस्स, तर माझ्या हातावर फटका दिला. मी पुस्तक धरलं. डॉक्टर झालो, भूल द्यायला शिकलो, इंग्लंडला आलो. आणि तोच टेस्ट लॅम्प त्यांनी बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून इथवर आणला आणि माझ्याच ड्राइव्हवेवर, माझ्या डोळ्यांदेखत, तुझ्या हातात दिला. वर म्हणाले, "ह्याचा हात बघ. वायर सोलताना एक तार तुटत न्हाई." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा.

तू होतासच हुशार, ते कुठे नाकारतो. ती चिपवाली किल्ली तू त्यांना अशी समजावलीस की मलाही कळली. किल्लीच्या डोक्यात एक बारकी चिप असते. कुलपाभोवतीचं कडं तिला विचारतं, तू आमचीच ना? चिपनं हो म्हटलं तरच इंजिन चालू होतं. मग रिमोटनं गाडी चालू करायची तर किल्ली कुठून आणायची? तर घरातली जादा किल्ली एका काळ्या डबीत घालायची, डबी डॅशबोर्डच्या मागे बांधायची, आणि रिमोट दाबला की तेवढ्यापुरतं त्या डबीनं गाडीला किल्ली दाखवायची. आबा पोट धरून हसले. "म्हंजे आपलीच किल्ली लपवून आपल्याच गाडीला फशिवायचं." आई गेल्यापासून ते तसे हसले नव्हते. मंजिरी स्वयंपाकघरातून धावत आली बघायला, कोण हसतंय म्हणून.

ती जादा किल्ली मी तुला दोन आठवडे दिली नाही. सापडत नाहीये म्हणालो. माझ्या मोज्यांच्या खणात होती. मंजिरीनं इस्त्रीचे कपडे ठेवताना काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, ही तर इथे तुमच्या मोज्यांत." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "होतं असं, माझ्याकडे पण असंच जातं सगळं." किती सहज सांभाळून घेतलंस. त्याचाही मला राग आला.

शनिवारी आबा स्वतः पांढरा रस्सा करायला लागले. मी त्यांना जन्मात कधी गॅसपाशी उभं बघितलं नव्हतं. मी विचारलं, "आज काय विशेष?" तर म्हणाले, "शशी यायचा हाय न्हवं." एकदा रीतसर परवानगी काढून तू त्यांना तुझं वर्कशॉप दाखवलंस. आठवडाभर घरात तोच विषय. तू मला म्हणालास, "डॉक्टर, एकदा तुमचं काम पण दाखवा त्यांना." मी म्हणालो, थिएटरमध्ये बाहेरच्यांना अलाउड नाही. नव्हतंच अलाउड. पण त्यांना माझं भुलीचं मशीन समजावून सांगायला थिएटर लागत नव्हतं, जेवणाचं टेबल पुरलं असतं. मला भीती होती की ते जांभई देतील.

आता ते सांगतो.

जानेवारीतला तो शनिवार. दुपारी किट बसवून झालं होतं. फक्त तो गिअरचा स्विच राहिला होता, तो पुढच्या आठवड्यात यायचा होता. पण आबांना धीर नव्हता, आणि तुलाही नव्हता. तू मला म्हणालास, "आधी नेहमीच्या किल्लीनं एक चक्कर मारून या, डॅशवर कुठला दिवा लागत नाही ना बघा. आणि येऊन न्यूट्रलमध्ये सोडा, हां. न्यूट्रल."

मी मेन रोडपर्यंत जाऊन आलो. गॅरेजच्या दाराकडे तोंड करून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. काचेतून तुम्ही दोघं दिसत होता. आबांनी माझा जुना ओव्हरकोट घातला होता आणि त्यांचा हात तुझ्या खांद्यावर होता. माझ्या खांद्यावर त्यांनी हात टाकलेला मला आठवत नाही. मी क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकला. विसरून नाही, शशी. तुझं वाक्य कानात होतं. मला एवढंच हवं होतं की गाडीनं हिसका द्यावा, बंद पडावी आणि आबांसमोर तुझी फजिती व्हावी. तेवढंच हवं होतं.

मी उतरलो. तू रिमोट आबांच्या हातात दिलास. "आबा, पहिल्यांदा तुम्हीच दाबा." आणि गाडीचे पुढचे दोन्ही दिवे लागतात का ते बघायला तू बॉनेट आणि गॅरेजच्या मध्ये जाऊन उभा राहिलास. तू तिथे जाशील हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण तू तिथे उभा राहिलास तेव्हा ओरडायला माझ्याकडे वेळ होता. फार नाही, दोन-तीन सेकंद. मी ओरडलो नाही. आजपर्यंत मी स्वतःला सांगत आलो की वेळच नव्हता. होता.

हँडब्रेकला न जुमानता गाडीनं हातभर उडी मारली. बंपर तुझ्या गुडघ्यावर, तू पाठीनं गॅरेजच्या दारावर. पत्र्याचा आवाज ऐकून शेजारची बाई बाहेर आली. आबा रिमोट हातात धरून तसेच उभे. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. म्हणाले, "माझ्या हातनं झालं." तू दाराला टेकून, दात दाबून म्हणालास, "नाही आबा, माझं चुकलं. गिअर बघायचा राहिला माझा." आबांनी गाडीत वाकून बघितलं आणि मला विचारलं, "गिअरात कशी ऱ्हायली?" मी म्हणालो, "तुमचीच सवय, आबा. घाटातली."

काय पण सवय. पार्क करताना गाडी गिअरमध्येच टाकायची, हँडब्रेकवर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनी मला शिकवलं होतं खरं. पण इथे आल्यावर मी ते कधीच सोडून दिलं होतं. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्यावरून मला झापलं होतं, आणि मी वर तोंड करून म्हणालो होतो, इथे त्याची गरज नसते.

तुला सोफ्यावर आडवा केला. गुडघा मीच तपासला. वाकवून बघितला, दाबून बघितला, फ्रॅक्चर नव्हतं. एकदा तर मी भलताच गुडघा दाबला. तू म्हणालास, "डॉक्टर, मला लागलंय का तुम्हाला?" मी म्हणालो, "बर्फ लाव आणि गप पड." तेव्हा सांगायला हवं होतं. मंजिरी चहा आणायला गेली होती, आबा बाहेर होते, आपण दोघंच होतो. मी गुडघ्याला क्रेप बँडेज बांधत बसलो.

पुढच्या शनिवारी तू लंगडत आलास आणि तो स्विच बसवलास. गेले तीन हिवाळे मी किचनमधून बटण दाबतोय, काचा स्वच्छ, सीट उबदार, आणि रोज सकाळी तू आठवतोस, आवडो न आवडो. माझी कन्सल्टंटची पोस्ट हुकली तेव्हा तू आलास, एक अक्षर विचारलं नाहीस, आमच्या डिशवॉशरमध्ये डोकं घालून दोन तास बसलास. डिशवॉशरला काही झालं नव्हतं. तेव्हा तू मला फार बरा वाटलास. असं कधीकधी वाटायचं, तेही लिहून ठेवतो.

आबा एप्रिलमध्ये परत गेले. तेव्हापासून दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तुझा. शशी आलता का, शशीचा गुडघा कसा हाय. तीन वर्षं गुडघा. माझं ब्लडप्रेशर त्यांनी एकदाही विचारलं नाही. उद्याही विचारतील.

*

रविवार, दुपार.

सांगितलं.

कॉलिंग कार्ड खरवडलं, नंबर लावला. आबांनी दुसऱ्या रिंगला उचलला. मी त्यांना बोलूच दिलं नाही. म्हणालो, "आबा, शशी वारला. सोमवारी. हार्ट अटॅक. कामावरच." तिकडून पंख्याचा आवाज येत होता. मी न थांबता दुसरंही बोलून टाकलं. त्या दिवशी गिअर मी मुद्दाम टाकला होता, सवय वगैरे काही नाही, तुमच्या हातून झालं नाही आणि त्याच्याही नाही, मी केलं. एका दमात.

आबा म्हणाले, "म्हाईत हाय मला."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"तू इंग्लंडात कवा गिअरात गाडी लावलीस? मी रोज बघत व्हतो खिडकीतनं. आन् शशीला बी म्हाईत व्हतं."

"तो बोलला तुम्हाला?"

"मीच बोललो त्याला. फुडच्या शनवारी. म्हटलं, पोराला इचारतो, असं का केलंस. तर म्हणाला, आबा, इचारू नका. माझा बाप असता आन् तो असा दुसऱ्याच्या मागं मागं फिरला असता, तर मी बी गाडी अंगावर घातली असती." मग म्हणाले, "त्यो दुसरीत असताना त्याचा बाप गेला. तुला म्हाईत व्हतं का?"

नव्हतं. आठ वर्षांची आपली ओळख, शशी, आणि मी तुला तुझ्या वडिलांबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. तू सांगलीचा, एवढं पुरलं होतं मला.

"मग मला का नाही बोललात?" मी विचारलं. "तीन वर्षं?"

"मला वाटलं, तू बोलशील."

आणि मग ते रडायला लागले. आई गेली तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसलो होतो, तेव्हा रडले नव्हते. निदान माझ्यासमोर नाही. मी नुसतं "आबा, आबा" म्हणत होतो. कार्डावरची मिनिटं संपत आल्याचं रेकॉर्डवरची बाई मध्येच सांगून गेली आणि फोन कट झाला.

मी पळत वर गेलो, ड्रॉवरमधून दुसरं कार्ड काढलं, नखानं खरवडलं, लावला. आपण डायल केलेला नंबर सध्या व्यस्त आहे. पुन्हा लावला. व्यस्त. आबा कधी स्वतःहून इकडे फोन लावत नाहीत. माझ्याशी बोलायचं असलं की एक मिस्ड कॉल देतात, मग मी लावायचा, हा आमचा वर्षानुवर्षांचा नियम. मला वाटलं, पडले की काय, रिसीव्हर बाजूला राहिला की काय. शेजारच्यांचा नंबर शोधत होतो तेवढ्यात मोबाइलवर वैशालीचा मेसेज आला. आबांचा कोल्हापूरहून फोन आलाय, त्यांच्याशी बोलतेय, तुम्हाला नंतर करते.

तुझ्या घरचा नंबर त्यांना पाठ होता, शशी. माझा ते अजून डायरीत बघून लावतात.

मंजिरी खालून विचारत होती, काय म्हणाले आबा. मला तुझा हेवा वाटला, भयंकर, त्या जानेवारीत वाटला होता त्यापेक्षा जास्त. तू मेलेला, आणि मी तुझ्यावर जळतोय. आणि तसाच जळत बसलेलो असताना, गुरुवारी आलं नव्हतं ते रडू मला आलं, आणि मी कोल्हापूरचा व्यस्त नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिलो.